दादांनी घेतलेली वॉरंटी

आमच्या घरात नवी वस्तू यायची म्हटलं की आधी भांडण येतं, मग वस्तू. कूलरच्या वेळी झालं, शिलाई मशीनच्या वेळी झालं, आणि लेकीच्या लॅपटॉपच्या वेळी तर दुकानाचं तोंड बघायच्या आधीच सुरू झालं. लेक अकरावी-बारावी लातूरला करून आली होती, पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, त्यामुळे लॅपटॉप घ्यायचा हे ठरलेलंच होतं. वाद त्याच्यावर नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी त्यांच्या मुलाचा लॅपटॉप घेताना वेगळे पैसे भरून वरची दोन वर्षांची वॉरंटी घेतली होती. ती आपणही घ्यायची की नाही, यावरून आमचे हे आणि मी एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो.

आमच्या ह्यांची नांदेडातच सरकारी कचेरीत नोकरी. जगातला प्रत्येक दुकानदार आपल्यालाच फसवायला दुकान उघडून बसला आहे अशी त्यांची ठाम समजूत. त्यांचं म्हणणं असं, की मशीन खराब निघायचं असेल तर पहिल्या वर्षातच निघतं, आणि ते वर्ष कंपनी फुकट देते. एकदा पहिलं वर्ष निभावलं की पुढं पाच वर्षं बघायला नको. मग मधल्या दोन वर्षांचे पैसे कशाचे? "भीती विकून राहिले ते," जेवताना ते म्हणाले, "आन् तू घेऊन राहिलीस."

मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. पोरगी परक्या गावात, परीक्षा तोंडावर आणि तो डबा बंद पडला तर ती कुणाकडे जाणार, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. पण मी लातूरकडची आहे. भिण्यावरून मला नांदेडच्या माणसानं बोललेलं मी ऐकून घेत नाही. मी त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढलीच नाही. त्यांनीही मागितली नाही.

लॅपटॉप माझे वडील घेऊन देणार होते. त्यांना आम्ही दादा म्हणतो. सोयाबीन विकल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं होतं, की नातीचं ते काय असतं ते मी घेईन, तुम्ही मधे पडू नका. ते औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूरला यायचे, तिथं गाडी बदलायचे, अहमदपूरला चहा प्यायचे आणि दुपारच्या आत नांदेडला पोचायचे. आणि दिवस कलायच्या आत परत जायचे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, दादा माझ्या घरी एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते.

हे आमच्या घरातलं दुसरं भांडण, आणि ते फार जुनं. आई गेल्यापासून दादा गावात एकटे होते. गुडघे धरले होते, अधूनमधून चक्कर यायची. एकदा हौदापाशी पडले आणि शेजाऱ्यांनी बघेपर्यंत तसेच पडून होते. तेव्हापासून मला गावाकडचा फोन वाजला की धडकी भरायची. मी त्यांना नांदेडला आणायला बघत होते आणि ते येत नव्हते. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. दादा लातूरच्या भूकंपानंतर स्लॅबखाली झोपत नसत.

भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते आणि गावात नव्हते. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मला लातूरला मामाकडे ठेवलं होतं. आई त्या दिवशी मला भेटायला म्हणून तिथंच आलेली होती. त्यामुळे आम्ही दोघी वाचलो असं लोक म्हणतात. मी ते कधी म्हणत नाही.

दादा गवंडी होते. दगडमातीच्या कामात त्यांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. आमच्याकडे भिंत जितकी जाड तितका घरधनी मोठा, असं होतं. माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचं माळवद. पावसात गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर नवी माती चढायची आणि जुनी कुणी काढायचं नाही. उन्हाळ्यात अशा घरात काय गारवा असायचा. शाळेला सुट्टी लागली की मी आधी जाऊन भिंतीला गाल लावायचे. दुपारच्या उन्हातून आल्यावर ती भिंत इतकी गार लागायची की आईनं हाक मारली तरी हलावंसं वाटायचं नाही. ती भिंत दादांनी रचली आहे याचा मला भारी ताठा होता.

मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी जमीन थोडीथोडी हलायची, खालून गडगडल्यासारखा आवाज यायचा. लोक घाबरले, अंगणात झोपायला लागले. मग दादांना बोलावणी येऊ लागली, की आमची भिंत तेवढी बळकट करून द्या. दादांनी कितीतरी घरांच्या भिंती आणखी जाड केल्या. बळकट म्हणजे जड, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि दादांनाही तेच ठाऊक होतं. आज कुणी हसेल, पण तेव्हा शिकलेली माणसंसुद्धा घराला आणखी दोन गाड्या माती लावून निर्धास्त झाली होती.

माझी चुलती जरा भित्री. सगळे परत घरात झोपायला लागले तरी ती अंगणातच खाट टाकायची. दादांनी तिला सांगितलं, "वैनी, माझ्या हातची भिंत हाय. काय होत न्हाई. आत झोपा." दिराचा शब्द म्हणून ती आत झोपायला लागली. गणपती बोळवून गाव झोपलं त्या रात्री भूकंप झाला आणि चुलती गेली, तिचा मोठा मुलगाही गेला. दोघं आत झोपलेले होते असं मला सांगितलं गेलं. मी गावात पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं, आणि आमची गल्ली कुठली ते मला ओळखता आलं नाही.

त्यानंतर दादांनी थापी हातात धरली नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सोडली, ती मला बऱ्याच उशिरा कळली. 'काय होत न्हाई' हे शब्द त्यांच्या तोंडून कायमचे गेले. दहावीच्या पेपरला जाताना मामा म्हणायचा, मामी म्हणायची, काही होत नाही, जा. दादा म्हणायचे, "बघू." लग्नात सगळे म्हणाले सोन्यासारखं घर आहे, दादा म्हणाले, "बघू." बाळंतपणाला दवाखान्यात नेताना मी त्यांचा हात धरून विचारलं, की दादा, नीट होईल ना? एवढं तरी बोलायचं होतं. तेव्हाही ते "बघू" म्हणाले आणि दाराबाहेर जाऊन बसले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता, की लेकीचं तोंड त्यांना आधी दाखवू नका असं मी नर्सला सांगितलं.

खरं सांगायचं तर भूकंपानंतरचे लातूरचे दिवस मला अजून हवेसे वाटतात. असं म्हणणं बरं नाही, पण वाटतात. मामाची गल्ली सगळी रस्त्यावर झोपायची. गंजगोलाईच्या बाजाराकडून येणारा वारा, ओळीनं टाकलेल्या खाटा, आणि कधी एकमेकांच्या उंबऱ्यावर न बसलेल्या बायका आता शेजारी शेजारी पाठ टेकून गप्पा मारायच्या. पलीकडे एक टोप्या शिवणारे चाचा राहायचे, त्यांची बायको आम्हा पोरींना खाऱ्या शेंगा द्यायची. जमीन हलली तर कळावं म्हणून प्रत्येक घरानं उशाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली असायची. पेले पडले की उठून पळायचं. एकदा मांजरानं मामाची उतरंड पाडली आणि आख्खी गल्ली चौकापर्यंत पळाली. चाचा चौकात पोचल्यावर म्हणाले, "बिल्ली थी क्या? चलो, अब आये हैं तो चाय पीके जाते." त्या वेळेला कोण चहा देणार होतं, पण कुणीतरी स्टो पेटवला. इतकी माणसं इतकी हसलेली मी पुन्हा कधी बघितली नाहीत.

पुढं गाव दुसरीकडे वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, पुन्हा तसा भूकंप झाला तरी पडणार नाहीत अशी. दादांनी त्या घरात धान्याची पोती ठेवली, देव ठेवले, आईचा संदूक ठेवला, आणि बाजूला पत्र्याचं शेड टाकून आम्ही सगळे त्यात झोपायला लागलो. आम्हीच नाही, सगळं गाव तसंच झोपायचं. दिवसा घरात, रात्री पत्र्याखाली. साहेब लोक यायचे, भिंतींवर हात मारून दाखवायचे, म्हणायचे, हे पडूच शकत नाही. लोक माना डोलवायचे आणि संध्याकाळी अंथरुणं बाहेर आणायचे. हळूहळू बाकीचे आत गेले, दादा गेले नाहीत.

माझी लेक अकरावीला लातूरला गेली तोवर लातूर ओळखू येईना झालं होतं. आम्ही जिथं खाटा टाकायचो त्या गल्लीत आता तीन-तीन मजल्यांची होस्टेलं, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि सगळ्या महाराष्ट्रातून आलेल्या आया खोल्या करून राहिलेल्या. दादांना नात जवळ आल्याचा आनंद झाला. ते दर रविवारी दशम्या आणि शेंगांची चटणी घेऊन यायचे. पण होस्टेलच्या जिन्यावर पाऊल ठेवायचे नाहीत. समोरच्या लिंबाखाली बसायचे आणि कुणाही पोरीला सांगायचे, आमच्या बाईला खाली धाड. असं करता करता होस्टेलच्या सगळ्या पोरी त्यांना ओळखायला लागल्या. ज्यांच्या घरून कुणी यायचं नाही त्या त्यांच्याभोवती बसून दशम्या खायच्या. 'खालचे आजोबा' हे त्यांचं नाव पडलं. लेकीला बारावीत मार्क किती पडले हे दादांना कधी पाठ झालं नाही, पण कुठल्या पोरीला चटणी तिखट लागते हे पाठ होतं.

तर ते दादा त्या दिवशी नांदेडला आले, जेवले, आणि आम्ही चौघं दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा मुदखेडचा होता. रोज रेल्वेनं ये-जा करतो म्हणाला. बोलायला गोड, मराठीत मधेच दखनी डोकावायची. लेकीनं रंग बघून पाचच मिनिटांत लॅपटॉप पसंत केला. मग त्या मुलानं हळूच तो कागद काढला. एक वर्ष कंपनीचं, वरची दोन वर्षं घ्यायची असली तर हे. आमचे हे खुर्चीत सरसावून बसले. या क्षणाची ते घरून तयारी करून आले होते.

"दोन वर्षांत काय काय दुरुस्त करून देता, सांगा," ते म्हणाले.

मुलानं सांगितलं. आतलं काही बिघडलं, पडदा आपसूक गेला, चार्जिंग होईना, तर होस्टेलवर माणूस येऊन दुरुस्त करून जाईल.

"आन् पडलं तर?"

"पडलं तर न्हाई, सर."

"पाणी सांडलं तर?"

"न्हाई, सर. ते यात येत न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू जिंकलेल्या निवडणुकीची मिरवणूक निघायचीच बाकी होती. "पोरगी होस्टेलवर राहणार," ते म्हणाले, "तिथं पडणार आन् भिजणारच. दुसरं काय होणार हाय? जे होणार हाय ते यात न्हाई, आन् जे होणार न्हाई तेवढंच यात हाय."

मी काही बोलणार तोच दादांनी तोंड उघडलं. तोवर ते स्टुलावर गुडघे चोळत बसलेले होते.

"पोरा," त्यांनी विचारलं, "ह्ये मशीन बिघडणार न्हाई, असं म्हणत न्हाईस तू?"

"न्हाई, आजोबा. मशीन हाय. बिघडतंच कधी न कधी."

"मग पैसे कशाचे घेतुस?"

मुलगा जरा गोंधळला. "बिघडल्यावर माणूस येतो त्याचे."

"येतो का खरंच?"

"येतो, आजोबा. एखाद दिवस इकडं-तिकडं, पण येतो."

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन् भूकंपात गेलं तर?"

लेक हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. मुलानं खरंच कागद उलटा केला, बोट फिरवत फिरवत खाली गेला आणि वाचून दाखवलं. पूर, आग, भूकंप, यातलं काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. "न्हाई, आजोबा," तो म्हणाला, "भूकंपाचं कोणी देत न्हाई." त्याचा आवाज असा पडला होता, की जणू भूकंप वगळायचं त्यानंच ठरवलं होतं.

आमचे हे उठायलाच निघाले. पण दादांचा चेहरा खुलला होता. कित्येक वर्षांत त्यांना एवढं समाधानी मी बघितलं नव्हतं. त्यांनी तो कागद हातात घेतला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, तरी उलटा-सुलटा करून बघितला.

"घ्या हे, पाव्हणं," ते जावयाला म्हणाले. "हा माणूस काय जमणार न्हाई ते आधी सांगायलाय. असं कोण सांगतंय?"

"मामा, पैसे वाया जातील," आमचे हे म्हणाले.

"जाऊ द्या. माझेच हायेत."

सासऱ्यापुढं ह्यांचं काही चालत नाही. सही झाली, शिक्का बसला, आणि मला वाटलं होतं तसा आनंद मला झाला नाही. मी जिंकले होते, पण माझं लक्ष उडालं होतं. दादांना जे आवडलं होतं ते माझ्या ध्यानात येत होतं, आणि त्याबरोबर माझी चूकही. इतकी वर्षं मी त्यांना नांदेडला या म्हणताना काय सांगत होते? आमची बिल्डिंग पक्की आहे. कॉलम आहेत, लोखंड आहे. नांदेडला भूकंप होत नाही. दादा, काही होत नाही. म्हणजे ज्या एका वाक्यानं त्यांचा जन्म जाळला होता, तेच मी प्रत्येक फोनवर त्यांच्या कानात ओतत होते, आणि ते "बघू" म्हणाले की माझाच पारा चढायचा.

लॅपटॉपचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ह्यांना ते कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं. दुसऱ्या वर्षी चार्जिंग बंद पडलं. लेकीनं फोन केला, माणूस आला, काहीतरी बदललं आणि गेला. ते काहीतरी बाजारात किती स्वस्त मिळतं हे आमच्या ह्यांनी चौकशी करून काढलं, आणि आपण कसे तोट्यात गेलो ते पाहुण्यारावळ्यांना पुढं कितीतरी दिवस समजावून सांगितलं. ते बरोबरच आहे. पैशाचा विचार केला तर ती वॉरंटी घ्यायला नको होती. दादांनी मात्र लेकीला फोनवर मशीनचं विचारलंच नाही. "माणूस आलता का?" एवढंच विचारलं. आलता म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं, दुकानातून निघाल्यानंतरचं. लेक आणि तिचे वडील खोकं घेऊन रिक्षानं घरी गेले आणि मी दादांना सोडायला बसस्टँडवर आले. लातूरची गाडी लागलेली होती, भरायची होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. दादांनी पिशवी मांडीवर घेतली होती. चालून त्यांना धाप लागलेली होती आणि ते ती लपवत होते.

मी सगळा धीर गोळा केला. "दादा," मी म्हटलं, "आमची बिल्डिंग पडणार न्हाई, असं मी आता कधी म्हणणार न्हाई. मला काय माहीत? पडायची तर पडंल. पण मी हाय ना. जरा जरी हाललं तरी मी आधी तुमच्या खोलीत येईन. तुम्हाला घेतल्याबिगर जिना उतरणार न्हाई."

मला वाटलं, आता नेमकं बोलले. दुकानातल्या त्या मुलासारखं खरं बोलले. दादा गाडीकडे बघत म्हणाले, "म्हणून तर येत न्हाई मी."

मला कळलं नाही.

"माझे पाय चालत न्हाईत. दोन मजले हायेत. तू येशील मला घ्याया. येशीलच तू, मला ठावं हाय." त्यांनी पिशवीचे बंद हातात गुंडाळले. "तुझा भाऊ, वैनीचा थोरला, आत झोपला नव्हता, बाई. तुला तसं सांगितलं समद्यांनी. मीच सांगा म्हणलं. गणपती बोळवून तो माझ्याजवळ पारावरच झोपला हुता. आमी दोघं मिळून पळत आलाव. म्होरची भिंत गेलती, मागची उभी हुती. आतून वैनी हाक मारायलती. म्या त्याला म्हणलं थांब. न्हाई थांबला. आईचा आवाज आल्यावर कोण थांबतंय. तो आत गेला आन् मागची भिंत आली."

फलाटावर मोसंबीवाला ओरडत होता. एक बाई आमच्या बाकाच्या टोकाला बसली आणि पोराला पाणी पाजायला लागली. दादांचा आवाज हलला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते, की त्यांना डोक्यावरच्या स्लॅबची भीती वाटते. स्वतःसाठी त्यांना कसलीच भीती नव्हती. मला रडू आलं आणि ते मी दाबलं नाही. पदर तोंडाला लावून मी तिथंच, माणसांसमोर रडले.

गाडी भरत आली. वाहक दारात उभं राहून हाका मारायला लागला. दादा उठले नाहीत.

"मला शब्द दे," ते म्हणाले. "हाललं की पोरीला घ्यायचं, पाव्हण्यांला हाक द्यायची आन् जिना उतरायचा. माझ्या खोलीकडं बघायचं बी न्हाई. मी हाक मारली तरी न्हाई. असा शब्द देत असशील तर मी ऱ्हातो तुझ्याकडं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसानं माझ्या बाळंतपणात मला एक खोटा धीर दिला नव्हता, तो माझ्याकडून खरा शब्द मागत होता. मी म्हटलं, "दिला."

"नीट बोल."

"हाललं तर तुमच्या खोलीकडं बघणार न्हाई. तुम्हाला तसंच सोडून जिना उतरीन."

गाडी गेली. आम्ही रिक्षा केली आणि घरी आलो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दादा थांबले, मी त्यांच्या मागून चढत होते. लेक लॅपटॉप उघडून बसलेली होती, आजोबा परत आलेले बघून ती उठलीच. आतली खोली आम्ही त्यांना दिली.

त्या दिवसापासून दादांच्या खोलीच्या दाराशी, अगदी उंबऱ्याला लागून मी माझं अंथरूण टाकायला लागले. ह्यांनी विचारलं, तर तिथं वारा बरा लागतो म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, त्या कोपऱ्यात वारा येतच नाही, आणि कुठल्या भिंतीत खिडकी आहे आणि वारा कुठून येतो हे गवंड्याला कुणी सांगावं लागत नाही. दादा माझ्या अंथरुणाकडे बघायचे. मग आत जाऊन स्लॅबखाली झोपायचे.